खिचडी न खाणाऱ्या घरांची यादी

आमच्या घरी शाळेचा तांदूळ उशीच्या अभ्र्यातून यायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. महिन्याची हजेरी भरली की मनपाच्या आमच्या शाळेत गुरुजी व्हरांड्यात पोतं फोडून बसत आणि आम्ही पोरं घरून आणलेल्या पिशव्या पुढे करत असू. माझ्याकडे अभ्रा होता, त्यावर आईनं लग्नाआधी भरलेला मोर. आई तो तांदूळ परातीत ओतायची, मूठभर नाकाला लावायची आणि दर महिन्याला तेच म्हणायची, "फुकट देतायत ना, मग कुठंतरी पाणी मुरतंय."

कुठं मुरतंय हे तिनं कधी शोधलं नाही. तांदूळ निवडायची, धुवायची, आम्ही जेवायचो. पण संशय तिनं सोडला नाही. वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. तिथं कँटीन होतं, दुपारचं जेवण जवळजवळ फुकट. तरी आई पहाटे उठून त्यांचा डबा भरायची, कारण कँटीनच्या डाळीत सोडा टाकतात अशी तिची खात्री होती. वडील निमूट डबा न्यायचे. रिटायर झाल्यावर एकदा हसत हसत बोलून गेले की इतकी वर्षं तो डबा गेटवरच्या वॉचमननं खाल्ला, आणि त्यांनी सोड्याची डाळ. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जी चूक केली ती डब्यांमधलं काहीच न कळणाऱ्या मुलीची नव्हती. मला कळत होतं. किंवा मला तसं वाटत होतं.

कॉलेज संपलं आणि मी एका संघटनेत जायला लागले. रेशन, शाळा, दवाखाने असे आमचे विषय. तिथं मी पत्रक लिहायला शिकले. शिकवणारे एक जुने कार्यकर्ते होते, तोंडात सदा लवंग. त्यांचे नियम ठरलेले. वर एक प्रश्न. खाली सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक आरोप. "आणि हे बघ," माझ्या पहिल्याच मसुद्यावर काट मारत ते म्हणाले, "पत्रकात 'बहुधा' चालत नाही. 'बहुधा' लिहायचं असेल तर कविता कर." मला हे फार आवडलं. बाविसाव्या वर्षी 'बहुधा' कोणाला आवडतं?

त्याआधीच, दोन हजार सालानंतर, कोरडा तांदूळ घरी देणं बंद होऊन शाळेतच शिजवून द्यायचा हुकूम निघाला होता. खिचडी आली. तिच्याबरोबर टिंगलही आली. शाळा आहे की अन्नछत्र, मास्तरांनी शिकवायचं की फोडणी द्यायची, वगैरे. ज्यांच्या मुलांना दोन मजली डबे मिळत होते तेच हे बोलत होते. आमची संघटना शिजवलेल्या अन्नाच्या बाजूनं होती आणि मी तर कडकडीत. सगळी पोरं एका रांगेत बसून एकच अन्न खातात, आणि जे पोरगं सकाळी काही न खाता आलंय त्याला कोणाच्या डब्याकडे बघत बसावं लागत नाही. आजही माझं हेच मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही भांडेन.

मला एक शाळा नेमून दिली. शहर संपतं तिथून मळ्यांचा पट्टा सुरू होतो. भाजी, झेंडू, शेवंती, मध्येच द्राक्षाच्या बागा. तिथली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. चार खोल्या, पुढे व्हरांडा, अंगणात कडुनिंब, मागे पत्र्याची पडवी. पोरं दोन प्रकारची. मळेवाल्यांची, आणि मळ्यांवर राबायला आलेल्यांची. पडवीत चूल, आणि चुलीपाशी एक बाई.

पस्तिशीच्या आतबाहेरची, बारीक, बोलताना समोरच्याकडे बघण्याऐवजी पातेल्यात बघणारी. पेठच्या पलीकडच्या डोंगरातून आली होती. नवरा होता, आता नव्हता. मी खोलात शिरले नाही. एका मळ्याच्या कडेला खोपीत राहायची. मुलगी याच शाळेत चौथीत. पोरं तिला मावशी म्हणायची म्हणून मीही मावशी म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं. "हे काम हाय तोवर मी एका जागी," ती म्हणाली. "काम गेलं की टोळीत जायाचं. कांदं निघालं की चांदवड, मग विंचूर, द्राक्षाला आणखी कुठं. पोरीला काय खोपीत एकटी ठेवू? तिलाबी घेऊनच फिरायचं. मग कसली पाचवी."

आणि काम जाणार अशी चिन्हं होती. कारण निम्मी शाळा तिच्या हातची खिचडी खात नव्हती.

दुपारची सुट्टी झाली की शाळेची सरळ दोन भागांत फाळणी व्हायची. व्हरांड्यात डबेवाले. कडुनिंबाखाली ताटलीवाले. कोणी सांगायचं नाही, कोणी रेघ मारलेली नव्हती. घंटा वाजली की पोरं आपोआप आपापल्या जागी. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून, माझा डबा खाता खाता, हे सगळं वहीत टिपून घेत होते.

मुख्याध्यापक गोड बोलणारे होते. "ताई, खाणारंच कोणी नसेल तर शिजवायचं कोणासाठी?" ते म्हणाले. "शाळा समितीत चर्चा चालू आहे. मळ्यातल्या बायकांचा एक बचत गट तयार आहे. त्यांनी शिजवलं तर सगळी मुलं खातील म्हणतायत. महिनाअखेरच्या शनिवारी सभा आहे, तिथं काय ते ठरेल. माझं काही नाही हो, मी नोकर माणूस."

माझं काही नाही, असं म्हणणाऱ्याचं बरंच काही असतं, हे मला संघटनेत पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी त्यांच्यावर नजर ठेवली. नियम असा होता की पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडीची चव घ्यायची आणि वहीत सही करायची. हे सही करायचे. चव घ्यायचे नाहीत. मी विचारलं तर पोटावर हात ठेवून म्हणाले, "पित्त आहे मला. डाळ सोसत नाही." महिनाभर? रोज? मी वहीत लिहिलं, 'मुख्याध्यापक, चव न घेता सही.'

मग मी घरं फिरायला लागले. वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात घर, दुसऱ्यात आई काय कारण सांगते ते, तिसऱ्यात खरं कारण. तिसरा रकाना मी भरायचा. आज हे लिहिताना कान तापतात, पण असंच होतं.

एका घरी म्हणाले, खिचडी खाल्ली की पोरगं वर्गात झोपतं. दुसऱ्या घरी, आमच्यात दुपारी भाकरीच लागते, भातानं पोट भरत नाही. तिसऱ्या घरी आजोबांनी मलाच विचारलं, तू कोणाची, लग्न झालं का. एका मळ्यावर दारातच एक बाई आणि तिची सासू मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पहाटेच्या टेम्पोनं माल जायचा होता.

"वास येतो त्या खिचडीला," बाई म्हणाली. हात थांबत नव्हते.

"कसला वास, वहिनी?"

"औषधाचा."

"खिचडीत औषध कोण घालेल?"

"कोण घालतं असं मी कुठं म्हणले? वास येतो म्हणते. पोरगी सांगती, आई, फवारल्यावानी लागतं."

सासू हसली. "जाऊ दे गं, शहरातली हाय ती. तिला काय ठाऊक फवारणी. तिच्या घरात भाजी धुऊनच येती."

मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'वास येतो असा बहाणा.' तिसऱ्यात एकच शब्द, जो मी वरपासून खालपर्यंत लिहीत आले होते. 'जात.'

तो शब्द मी हवेतून काढला नव्हता. मळेवाल्यांची जी थोडी पोरं खिचडी खायची, त्यांच्या हातातल्या ताटल्या बघून मला शंका आली होती. एखादी सोडली तर घरातली स्टीलची ताटली नाही, जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ठेचलेली, कडा वाकलेल्या. तशाच ताटल्या एका मळ्यावर मला गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात दिसल्या. मजुरांना न्याहारी त्यात देतात. ते स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवतात. त्या ताटल्या घरात जात नाहीत. म्हणजे पोरगं शाळेत डोंगरातल्या बाईच्या हातचं खाणार असेल तर त्याला गड्यांची ताटली द्यायची, आणि संध्याकाळी ती परत गोठ्यात! मी त्या घरच्या बाईला तोंडावर विचारलं, "गड्यांच्या ताटलीत पोराला खायला देता?"

"मग काय चांदीचं ताट देऊ?" ती म्हणाली. "मागल्या साली स्टीलच्या दोन ताटल्या हरवल्या शाळेत. तुझी संघटना भरून देती का?"

उत्तर तयार होतं. मला वाटलं, फारच तयार होतं.

शनिवारच्या सभेला आठवडा होता. मी पत्रक लिहिलं. वर प्रश्न, 'खिचडी नको, की खिचडी करणारे हात नकोत?' खाली सहा ओळी. चौथ्या ओळीत 'डोंगरातून पोटासाठी आलेल्या एका माउलीच्या हातचं खायला तुम्हाला लाज वाटते का?' असं होतं. नाव कोणाचंच टाकलं नाही. शाळेचंही नाही. या संयमाचा मला अभिमान वाटला. लवंगवाल्यांनी वाचून मान हलवली. "झणझणीत," म्हणाले. जुन्या नाशकातल्या एका छापखान्यात गुलाबी कागदावर छापून घेतलं आणि सोमवारी सकाळी भाजीचे टेम्पो परत येतात तिथं उभं राहून वाटलं. उरलेलं शाळेच्या फाटकाशी.

मंगळवारी व्हरांडा भरला होता. कडुनिंबाखाली मजुरांची पोरं, आणि मळेवाल्यांपैकी दुसरीतली एकच मुलगी. गड्यांच्या ताटल्या घेऊन येणारी पोरंसुद्धा डबे घेऊन आली होती. एका मुलाच्या डब्यात नुसते चुरमुरे होते. घाईत दुसरं काही जमलं नसावं. पण डबा होता. मावशीचं पातेलं अर्ध्यावर राहिलं.

जाताना रस्त्यात मेथीवाली सासू भेटली. "ए पत्रकवाली!" तिनं लांबूनच हाक मारली. "आमची पोरं काय खातात ते छापलंस, आता आम्ही काय नेसतो ते छाप. गुलाबी कागद हाय ना शिल्लक?" मागच्या दोघीतिघी हसल्या. त्यातली एक न हसता म्हणाली, "आमच्या मळ्यावर रोज धा माणसं जेवून उठतात. आणि ही आम्हाला शिकवती."

कोणत्या ताटलीत जेवून उठतात, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

मुख्याध्यापक फाटकाशी उभे होते. "ताई, समितीचं काम सोपं केलंत तुम्ही," म्हणाले. त्या हसण्यावरून मला वाटलं, हा माणूस पहिल्यापासून त्या बचत गटाच्या बाजूचा आहे. पुरावा नव्हता. पण आता मला पुराव्यापेक्षा घाई जास्त होती.

बुधवारी मी मावशीला धीर द्यायला पडवीत गेले. ती चुलीत काड्या सारत होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, "मावशी, घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

तिनं पहिल्यांदा पातेल्यातून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "कोणी सांगितलं तुला माझी जात छापायला?"

"छापली नाही हो. तुमचं नाव कुठंच नाही त्यात."

"शाळेत चूल एक हाय. नाव कशाला लागतं?"

मी म्हटलं, "पण हे खरं आहे ना? तुमच्या हातचं खात नाहीत ना ते?"

"काही माझ्या हातचं नाय खात. काही वासापायी नाय खात. काहीला भाकरी लागते. तू सगळ्यांना एका दावणीला बांधलंस. आता समदीच नाय खात." मग ती पळी ठेवून म्हणाली, "आणि तू? तू कधी खाल्लंस?"

मी महिनाभर त्या पायरीवर बसून घरचा डबा खात होते. पोळी, भाजी, वर चटणी. हे मुलांच्या वाटचं अन्न आहे, आपण कार्यकर्त्यांनी त्याला हात लावायचा नाही, असा आमचा संघटनेतला दंडक होता आणि मला तो पटला होता. हेच मी तिला सांगायला लागले. मुलांच्या वाटचं, आमचं तत्त्व...

"माझ्या पोरीनं मला विचारलं," ती मध्येच म्हणाली. "आई, ती ताईबी आपलं खात नाय का गं? मी काय सांगू तिला? तत्त्व?"

मुख्याध्यापकांनी चव घेतली नाही म्हणून मी त्यांचं नाव वहीत लिहून ठेवलं होतं. माझं नाव कोण लिहिणार होतं? मी कोपऱ्यातली ताटली उचलली आणि म्हटलं, "वाढा."

पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबले. नुसता धूर नव्हता. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, तुरट असं काहीतरी. डासांची कॉइल जाळलेल्या खोलीत जेवायला बसल्यासारखं. फवारल्यावानी, मेथीवालीची पोरगी म्हणाली होती. मी दुसरा घास घेतला. तेच.

"मावशी, हे काय जळतंय चुलीत?"

"काड्या."

"कसल्या?"

"बागंच्या. छाटणीच्या."

तिनं एक काडी माझ्या हातात दिली. द्राक्षाच्या वेलीची, बोटाएवढी जाड. सालीवर निळसर पांढरी भुकटी बसलेली, नखानं खरवडली तर नखात येणारी. पावसाळाभर त्या वेलींवर औषधाची फवारणी चालते. ऑक्टोबरात छाटणी झाली की काड्यांचे ढीग पडतात. त्या पडवीला धुराडं नव्हतं, पातेल्याचं झाकण एका बाजूनं उचललेलं राहायचं, आणि पत्र्याखाली कोंडलेला सगळा धूर खिचडीत उतरायचा.

"या कोणी दिल्या?"

"समितीच्या अध्यक्षानं. त्याच्या बागंतल्या. टेम्पोभर टाकल्या आणून, फुकट. मी म्हणले, दादा, यानं वास धरतो. तर म्हणला, फुकट मिळतंय त्यातबी खोट काढती." ती चुलीकडे वळली. "मग कोणाला सांगू? तुला सांगणार होते. तू आलीस की जातीचंच विचारायचीस."

मी वही उघडून मागची पानं बघितली. 'वास येतो असा बहाणा' मी पाच ठिकाणी लिहिलं होतं. पाच घरांनी मला एकच गोष्ट सांगितली होती आणि पाचही वेळा मी ती लिहून घेऊन खोडून टाकल्यासारखी ठेवली होती.

त्याच संध्याकाळी मेथीवालीकडे गेले. ती मला बघून उठलीच नाही. मी काडी पुढे केली. तिनं न घेताच ओळखली.

"ह्या चुलीत घालते ती?"

"हो. तुम्ही घालता?"

"न्हाणीच्या चुलीला घालतो, पाणी तापवायला. अन्नाखाली नाय घालत. कोण घालील?" मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "थांब. अध्यक्षाच्या बागंतल्या ना? त्याच्या वहिनीचाच गट हाय, खिचडीचं काम मागणारा."

तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मला काय वाटलं ते मी इथंही लिहीत नाही, कारण ते मला कधीच सिद्ध करता आलं नाही. माणूस कचरा उचलून दान म्हणून देतो तेव्हा त्यात डावच असतो असं नाही. निष्काळजीपणाही पुरतो. पण त्या वहिनीच्या गटाची चूल गॅसवर चालणार होती, हे मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी सभा झाली, चौथीच्या वर्गात. बाया बाजारातून थेट आल्या होत्या, काहींच्या पदराला अजून कोथिंबिरीच्या काड्या. अध्यक्ष खुर्चीवर, मुख्याध्यापक शेजारी. मावशी दाराजवळ जमिनीवर, तिची मुलगी बाहेर खिडकीशी. मला बोलायला सांगितलं. आरोप करायला मी कधी घाबरले नाही. पण आज पहिलं वाक्य आरोपाचं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पत्रकात मी सगळ्या घरांवर एकच आळ घेतला. तुमच्यातल्या पाच जणींनी मला वासाचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"हां, आता कसं!" सासूबाई मागून म्हणाल्या. हशा झाला. मी तो होऊ दिला. मग काड्यांचं सांगितलं.

अध्यक्ष तापले. "मी धर्मादाय दिल्या काड्या! शाळेला सरपण नव्हतं तेव्हा कोण आलं होतं पुढं? आता त्यात विष दिसायला लागलं?"

मेथीवाली बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, तुमच्या घरी घालता का त्या अन्नाखाली?"

"आमच्याकडं गॅस हाय."

"गॅस यायच्या आधी?"

अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी खिडकीकडे बघितलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण आता माझ्यावर नव्हे.

मावशीला कोणी विचारलं नव्हतं, तरी ती उठली. "कोरडं लाकूड द्या," म्हणाली. "मग खिचडी वाईट झाली तर माझ्या तोंडावर सांगा. मी जाईन."

एवढंच. समितीनं ठरवलं की वार्षिक परीक्षेपर्यंत काम तिच्याकडे राहील, पोरं खातायत का ते बघू, मग पुढचं. ज्यांच्या बांधावर बाभळी होत्या त्या घरांनी लाकूड द्यायचं कबूल केलं. रोज एका आईनं येऊन आधी चव घ्यायची, ही सूचना मेथीवालीची. मुख्याध्यापकांचं पित्त त्यानंतर बरंच कमी झालं.

व्हरांडा हळूहळू रिकामा व्हायला लागला. बाभळीच्या जाळावर खिचडी वेगळीच लागत होती. मीही आता रोज मूठभर खात होते आणि संघटनेतल्या तत्त्वाचं काय व्हायचं ते होवो म्हणत होते. परीक्षेपर्यंत इतकी पोरं कडुनिंबाखाली बसायला लागली की समितीला काम काढून घ्यायला तोंड राहिलं नाही. मावशीचं बिऱ्हाड त्या वर्षी हललं नाही. मुलगी जूनमध्ये पाचवीला गेली, पलीकडच्या मोठ्या शाळेत.

पण मला भाबडी समजू नका. सहासात घरांचे डबे शेवटपर्यंत येत राहिले. काड्या गेल्या, धूर गेला, वास गेला, तरी डबे येत राहिले. त्या घरांना आता कसला वास येत होता? आणि जर्मनच्या ताटल्या कडुनिंबाखाली दिसतच होत्या, संध्याकाळी गोठ्यात जातच होत्या. स्टीलच्या ताटल्या हरवतात हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज त्याहून कमी पटतं. माझा तिसरा रकाना पूर्ण खोटा नव्हता. तो मी सगळ्यांच्या नावापुढे भरला, हे खोटं होतं.

यातली एक गोष्ट सभेनंतरच्या आठवड्यातली आहे, ती सांगायची राहिली.

मला दुसरं पत्रक काढायचं होतं, चूक दुरुस्त करणारं. लवंगवाले म्हणाले, संघटना स्वतःची चूक छापत नाही. मावशी त्याहून स्पष्ट बोलली. "आता कायबी छापू नको. जायाचं तर जाऊन तोंडानं सांग." म्हणून जिथं जिथं गुलाबी कागद गेला होता तिथं मी पायी फिरले. काहींनी चहा दिला, काहींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

शेवटचं घर कालव्याच्या कडेला होतं, झेंडू लावणाऱ्यांचं. त्यांची मुलगी दुसरीत. ती पहिल्यापासून खिचडी खायची, चांगल्या स्टीलच्या ताटलीत, आणि पत्रकानंतरही एक दिवस तिनं खंड पाडला नव्हता. खरं तर त्या घरी जायचं कारणच नव्हतं. पण यादी पूर्ण करायची मला सवय होती.

तिची आई अंगणात फुलं ओवत होती. मी काड्यांची हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकली.

"ते कळलं काड्यांचं," ती म्हणाली. "मला वाचायला नीट येत नाय, पुतण्यानं वाचून दाखवला होता तुझा कागद. त्यात ते डोंगरातल्या बाईचं लिहिलं होतं, ते कोणाचं? मावशीचं का?"

"कोणाचंही असलं तर काय, वहिनी?"

"नाय, विचारलं." तिनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला. "मला वाटायचं आपल्यातलीच हाय. बोलायला लय चांगली म्हणून." मग माझ्याकडे बघून हसली. "चहा टाकू?"

मी चहा घेतला. बरं बोलली, बरी हसली. जाताना मुलीनं मला फाटकापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तेव्हा मावशी पोरांना वाढून परत येत होती. पळी पातेल्यात ठेवली, पदरानं हात पुसले.

"कालव्यावरची ती आज डबा घेऊन आली," म्हणाली.

"कोण?"

"झेंडूवाल्यांची. दोनदा मागून घ्यायची ती." ती चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी शिंपडायला लागली. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "काल तू तिकडं गेली होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.